खोली पाहिली, पण वॉर्ड?

घरात पाळणा हलणार असे कळले की चर्चांना ऊत येतो. डोहाळजेवण कुठे करायचे, नाव कोणी ठेवायचे, बारशाला किती माणसे बोलवायची, इथपर्यंत सारे ठरते. रुग्णालयाचा विषय निघाला की मात्र बोलणे दोन-तीन मुद्द्यांवर आटोपते. डॉक्टरबाई बोलायला कशा आहेत, खोलीत एसी आहे का आणि एकूण खर्च किती येईल. एखादी शेजारीण हमी देते, 'आमच्या सुनेचं तिथंच झालं, खोली अगदी छान होती हो!' झाले, नाव नोंदवले जाते. ज्या प्रसूतिकक्षात आपली मुलगी किंवा सून आयुष्यातले सर्वांत कठीण तास काढणार असते, त्याची चौकशी करावी असे फारसे कुणाला सुचत नाही.

याला कारणही आहे. रुग्णालयात बाळंत होणे ही आपल्या समाजाला तशी अलीकडची सवय. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या दर शंभर बाळंतपणांपैकी सुमारे २६ रुग्णालयात झालेली आढळली. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हा आकडा ८९ च्या जवळ गेला. महाराष्ट्रात तर तो ९५ च्या घरात आहे. ही मजल लहान नव्हे. पण घरी येणारी सुईण साऱ्या आळीच्या ओळखीची असे. रुग्णालय आपल्याला परके असते. ते आधीच ओळखीचे करून घ्यायला हवे.

त्यासाठी सातव्या महिन्यात एकदा नवरा-बायकोने, शक्य तर घरातल्या एखाद्या जाणत्या बाईसह, वॉर्ड पाहून यावा आणि चार प्रश्न विचारावेत. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर वॉर्डात कोण असेल? सिझेरियनची वेळ आलीच तर भूल देणारे डॉक्टर किती वेळात पोहोचतील? रक्त लागले तर ते कुठून येते आणि आणायला कुणी धावायचे? बाळ जन्मल्यावर रडलेच नाही, तर त्याला श्वास देण्याचे साधन आणि ते वापरता येणारे माणूस तिथे आहे का? बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे आपल्याकडे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. अशा वेळी हातात फार वेळ नसतो. खोलीतला टीव्ही तेव्हा कामाला येत नाही. गावातली रक्तपेढी येते.

दहा खाटांचे नर्सिंग होम म्हणजे वाईट, असा याचा अर्थ नव्हे. बहुतेक बाळंतपणे तिथे सुखरूप होतात. पण अडचण आली तर बाईला कोणत्या मोठ्या रुग्णालयात, कोणत्या गाडीने आणि कोणाबरोबर पाठवणार, याचे उत्तर तिथल्या डॉक्टरांकडे तयार हवे. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. रागावला, तर तेही एक उत्तरच समजावे. आणि बाळाला 'पेटीत' ठेवण्याची सोय असेल, तर तिथे रात्री परिचारिका असते का, आग लागली तर बाहेर पडायची वाट कुठली, हेही विचारावे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. त्यानंतर तरी हा प्रश्न कुणाला आगाऊपणाचा वाटू नये.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. रीत प्रेमाची आहे. पण सात महिने मुंबईच्या डॉक्टरांकडे दाखवलेली मुलगी आठव्या महिन्यात साताऱ्याला जाते, आणि तिची फाइल मात्र मुंबईच्या कपाटात राहते! नव्या डॉक्टरांना ना तिचे हिमोग्लोबिन ठाऊक, ना रक्तदाब. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत एक इंजेक्शन द्यावे लागते; ते चुकले तर फटका पुढच्या बाळाला बसतो. म्हणून साडी-चोळीच्या आधी पिशवीत फाइल आणि माता-बाल संरक्षण कार्ड जावे.

सरकारी की खासगी, हा वाद घरोघर होतो. सरकारी वॉर्डात गर्दी असते, कधी एका खाटेवर दोघी असतात, आवाजही चढा असतो, हे खरे. पण रक्त, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ एकाच छपराखाली मिळण्याची शक्यता मोठ्या सरकारी रुग्णालयात अधिक, हेही खरे. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी हे सारे मोफत आहे. तरीही 'मुलगा झाला, पेढ्यांचे काढा' म्हणून हात पुढे येतात. आनंदाने दिलेली बक्षिसी वेगळी आणि दिल्याशिवाय बाळ हातात न देणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराची तक्रार लेखी करावी. खासगीत जाणाऱ्यांनी खर्चाचा अंदाज दोन्ही प्रकारचा विचारावा, साध्या प्रसूतीचा आणि सिझेरियनचा. बाळाला पेटीत ठेवावे लागले तर रोजचे किती, हेही.

सिझेरियनबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मते आहेत. एक म्हणते, डॉक्टर पैशासाठीच पोट फाडतात. दुसरे म्हणते, मुहूर्त पाहून उरकून टाका, कळा कशाला सोसायच्या? दोन्ही चुकीची. वेळेवर केलेल्या या शस्त्रक्रियेने असंख्य आया-बाळे वाचली आहेत. पण पाचव्या पाहणीत देशातल्या सरकारी रुग्णालयांत सिझेरियनचे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास आणि खासगीत ४७ टक्क्यांच्या वर निघाले. एवढी तफावत केवळ बायकांच्या प्रकृतीतल्या फरकाने पडत नाही. तेव्हा नाव नोंदवतानाच विचारावे, 'आपल्याकडे दहांपैकी किती जणींचे सिझेरियन होते? कोणत्या कारणाने?' ऐन कळांच्या वेळी, बाळाचे ठोके मंदावले असता, वाद घालण्यात अर्थ नसतो. तो प्रश्न शांतपणे विचारायची वेळ दोन महिने आधीची.

आणि कळांच्या वेळी तिच्याजवळ कोण? आपल्याकडे बाईला आत नेतात, दार लागते आणि घरचे बाहेर बाकावर. तिला कळते ते फक्त तिथल्या आवाजांवरून. सोबत विश्वासाचे माणूस असेल तर कळा सोसणे सोपे जाते, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी 'जागा नाही' हे उत्तर मिळते. तरी विचारावे, विचारणारे वाढले की पडदे लावायला जागा सापडते. बाळंतिणीवर ओरडणे, हात उगारणे हा उपचाराचा भाग नव्हे, हे सर्वांनीच एकदा मनाशी पक्के करावे.

बाळ जन्मल्यानंतरचा पहिला तास आईचा आणि बाळाचा असतो. दोघांची प्रकृती ठीक असेल तर बाळ पुसून थेट आईच्या छातीवर द्यावे आणि तासाभरात अंगावर पाजावे. पहिला पिवळसर चीक टाकायचा नसतो. ते बाळाचे पहिले संरक्षण. मध, साखरपाणी, गुटी यांतले काहीही चाटवू नये, मग आजी कितीही रागावो. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पावडरच्या दुधाचा डबा कुणी हातात दिला तर घेऊ नये; अशा दुधाच्या जाहिरातीवर आणि मोफत नमुन्यांवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.

थोडे नातेवाइकांबद्दलही. बाळंतिणीभोवती पंधरा माणसांची जत्रा, सर्दी झालेल्या काकांनी बाळाचा घेतलेला मुका आणि मुलगी झाली म्हणून लांब झालेले चेहरे, यांतले काहीच वॉर्डाच्या दोषात मोडत नाही. ते आपण घरून घेऊन जातो. टाक्यांच्या वेदनेपेक्षा ते चेहरे बाईच्या अधिक काळ लक्षात राहतात.

घरी सोडताना कागदाबरोबर समजही घेऊन निघावे. अंगावरून फार जाणे, ताप, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके किंवा धाप ही लक्षणे दिसली तर 'बाळंतिणीला होतंच असं' म्हणत बसू नये, लगेच परत न्यावे. बाळ दूध ओढेना, अंग गार पडले, श्वास जोरात चालला किंवा पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला तरीही तसेच. जन्माची नोंद २१ दिवसांत झाली की नाही, हे पाहावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या जन्मतारखेला हाच मुख्य पुरावा आहे. शाळेच्या दारात त्याची किंमत कळते.

दिवाणखान्यासाठी सोफा घेताना आपण चार दुकाने फिरतो, खाली वाकून त्याचे पाय तपासतो. ज्या खाटेवर घरातली बाई जिवाची बाजी लावणार आहे, तिची चौकशी त्याहून कमी असू नये.