वंशावळीत नसलेली आजी

१/ पैठण तालुक्यातील पाचोडहून सोलापूरच्या दिशेने निघालेला महामार्ग वडीगोद्रीवरून जातो. तिथून जवळच अंतरवाली सराटी आहे. २०२३ पासून या पट्ट्यातील घरोघरी जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. मोडी आणि उर्दू कागद बाहेर आले. खापरपणजोबांचे नाव शोधले जाऊ लागले. प्रश्न असा की, या शोधात खापरपणजी कुठे आहे? (दीर्घ धागा)

२/ सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि निजामकालीन नोंदींचा शोध सुरू झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटविषयीचा शासन निर्णय आला. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू योग्य, हा या धाग्याचा विषय नाही. विषय आहे तो वंशावळ या कागदाचा. त्यात बाप, आजा, पणजा अशी एकच सरळ रेघ असते. माय, आजी, पणजी त्या रेघेत मावत नाहीत.

३/ जगात इतरत्र कुळाचा शोध घेणारे दोन प्रकारच्या कागदांकडे आधी वळतात: विवाहाचे कागद आणि मृत्युपत्रे. इंग्लंडमध्ये १८२३ पर्यंत परवान्याने लग्न करणारा वर आणि त्याचा जामीनदार बंधपत्र लिहून देत. विवाहास कायदेशीर अडथळा निघालाच, तर ठरलेली रक्कम भरण्याची हमी त्यात असे. हा जामीनदार पुष्कळदा नात्यातलाच असे. म्हणून दोनशे वर्षांनंतरही तो कागद दोन घराण्यांचा दुवा दाखवतो.

४/ मृत्युपत्राचे बळ पाहायचे तर हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटचे, जेम्स कर्कपॅट्रिकचे उदाहरण घ्यावे. तो १८०५ मध्ये कोलकात्यात वारला. खैरुन्निसा बेगमेपासून झालेल्या दोन मुलांसाठी त्याने मृत्युपत्रात तरतूद केली होती. मुले इंग्लंडला गेली, १८०६ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि साहिब बेगम व साहिब आलम यांची कॅथरीन आणि विल्यम झाली. असे कागद उरले नसते, तर हैदराबादची ती दोन मुले आणि इंग्लंडमधली ही दोन माणसे एकच आहेत, हे सिद्ध करणे अवघड झाले असते.

५/ हे साहेबांचे झाले. मराठवाड्याशी जोडलेले सर्वांत बोलके मृत्युपत्र मात्र पुण्यात लिहिले गेले. सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज ऑगस्ट १८९७ मध्ये पटकीने वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी मृत्युपत्र केले आणि विश्वस्तांत लोकमान्य टिळकांचे नाव घातले. पत्नी ताई महाराज तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला नाही किंवा होऊन वाचला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी त्यात तरतूद होती. मुलगा झाला, पण दोन महिन्यांतच दगावला.

६/ मग दत्तकासाठी भाऊबंद शोधणे आले. पंडितांच्या घराण्याची एक शाखा औरंगाबादजवळच्या निधोने गावी होती, म्हणजे निजामाच्या मुलखात. जून १९०१ मध्ये ताई महाराज, टिळक आणि दादासाहेब खापर्डे औरंगाबादेस आले. निधोनेच्या शाखेतील जगन्नाथ हा मुलगा निवडला गेला आणि दत्तविधान झाले.

७/ पुण्यास परतल्यावर चित्र पालटले. ताई महाराजांनी औरंगाबादचे दत्तक नाकारले आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या बाळा महाराजांना दत्तक घेतले. पुढे दिवाणी दावे झाले, टिळकांवर फौजदारी खटला झाला, शिक्षा झाली आणि मार्च १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दत्तकाचा वाद अखेर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९१५ मध्ये तिथे जगन्नाथाचे दत्तक वैध ठरले. ताई महाराज तो निकाल ऐकायला हयात नव्हत्या.

८/ हा इतिहास बहुधा टिळकांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून सांगितला जातो. कुळाच्या शोधकाने तो उलट्या बाजूने वाचावा. वंशावळीत ‘वासुदेव, त्यांचा पुत्र जगन्नाथ’ एवढीच ओळ उरते. जन्मदात्या घराचे गाव पुसले जाते. कोणाच्या मांडीवर तो बसला, कोणी नंतर नकार दिला, एक शाखा पुण्यात आणि दुसरी निजामाच्या राज्यात कशी, हे सारे फक्त मृत्युपत्र, दत्तकपत्र आणि साक्षी-जबान्या सांगतात. सरळ दिसणारी रेघ पुष्कळदा एखाद्या विधवेच्या निर्णयावर उभी असते.

९/ आक्षेप रास्त आहे: मृत्युपत्र करणार कोण? ज्याच्याजवळ मालमत्ता, तोच. शिवाय एकत्र हिंदू कुटुंबातील वाटा वारसाहक्काच्या रूढ नियमांनी जाई. मृत्युपत्राची प्रथा इंग्रजी न्यायालयांच्या काळात बळावली. हिंदू विवाहाला तर लेखी कागदाची गरजच नव्हती. पाचोड परिसरातील बहुसंख्य शेतकरी, कारागीर आणि मजूर घरांत असे कागद सापडणार नाहीत. त्यांचा अभाव म्हणजे इतिहासाचा अभाव नव्हे.

१०/ अशा घरांसाठी वाट वेगळी. खासरा पत्रक, पहाणी पत्रक आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर सगळ्यांना आठवते. पण वारसाचा फेरफार वाचावा. खातेदार वारल्यावर त्यात विधवेचे आणि मुलींचे नावही येऊ शकते. मुस्लिम घरांत निकाहनामा जपलेला असेल, तर त्यात वधू, तिचा पिता, मेहरची रक्कम, वकील आणि साक्षीदार भेटतात. इंग्रजी विवाहबंधपत्राचा मराठवाड्यातील सर्वांत जवळचा नातलग तोच.

११/ नोंदणीकृत मृत्युपत्रे दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पुस्तक क्रमांक ३ मध्ये असतात. मृत्युपत्र करणाऱ्याच्या निधनानंतर कोणालाही अर्ज करून त्याची नक्कल मागता येते. निजामी दप्तर वाचायचे, तर लिपीची तयारी हवी. राज्यकारभारात १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. गावपातळीवर मोडीही होती. मोडी आणि उर्दू शिकणारा एक तरुण अख्ख्या गावाचा उपयोगी पडतो.

१२/ दाखल्यासाठी जुना कागद शोधणे हा नागरिकाचा हक्क आहे. पण दाखला हाती पडताच पेटी बंद करणे हे नुकसान आहे. ज्या कागदात जातीचा एक शब्द सापडला, त्याच्याच शेजारी एखाद्या पणजीचे नाव, तिचे माहेर, तिचा अंगठा असू शकतो. तो वाचला गेला नाही, तर वाळवी वाचेल.

१३/ म्हणून वंशावळ लिहिताना प्रत्येक पिढीसमोर आणखी दोन रकाने आखावेत: तिचे नाव आणि तिचे माहेर. घरात ऐंशी ओलांडलेली आजी असेल, तर अभिलेखागाराच्या आधी तिच्याजवळ बसावे. सरकारी दप्तर उद्याही उघडेल.