एडिसनला आरक्षण नव्हते, म्हणे!

‘द करंट वॉर’ हा चित्रपट पाहून झाला की एक ठराविक सुविचार आमच्यापर्यंत पोचतोच. वर बल्बचे चित्र आणि खाली ओळ, एडिसनला आरक्षण नव्हते, टेस्लाने जातीचा दाखला दाखवला नव्हता. पाठवणारा बहुधा आमच्याच कार्यालयातला, आमच्याच शेजारच्या टेबलावरचा असतो. प्रश्न त्याने विचारलाच आहे, तर उत्तर सविस्तर द्यायला आम्हाला हरकत नाही.

आधी चित्रपटाविषयी. २०१७ मध्ये टोरंटोला तो पहिल्यांदा दाखवला गेला. निर्माता हार्वे वाइनस्टीनच्या भानगडी बाहेर आल्याने तो अडकला आणि दिग्दर्शकाने पुन्हा बेतलेली प्रत २०१९ मध्ये पडद्यावर आली. बेनेडिक्ट कंबरबॅच एडिसन झाला आहे आणि मायकेल शॅनन वेस्टिंगहाउस. एडिसनचा डीसी प्रवाह की वेस्टिंगहाउसचा एसी, हे भांडण. चित्रपट वाईट नाही. तो एडिसनला देव करत नाही. एसी प्रवाह जीवघेणा आहे हे पटवण्यासाठी जनावरे मारली गेली, आणि मृत्युदंडाच्या विजेच्या खुर्चीला एसीच जोडावा म्हणून एडिसनने वजन खर्च केले, हे त्यात येते. ६ ऑगस्ट १८९० रोजी विल्यम केमलर या भाजीविक्याला त्या खुर्चीत बसवले. पहिल्या झटक्यात तो मेला नाही, दुसरा द्यावा लागला. दोन धनवंतांच्या भांडणात प्रयोगाला माणूस लागला तो कोणत्या थरातला निवडला गेला, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

आता गुणवत्तेकडे येऊ. हा सगळा झगडा पेटंटचा आहे. पेटंट म्हणजे बुद्धीचा सातबारा. तो कोणाच्या नावे होऊ शकत होता? १८५०च्या दशकात मिसिसिपीत नेड नावाच्या एका गुलामाने कापसाच्या शेतीसाठी अवजार तयार केले. मालक ऑस्कर स्टुअर्टने ते आपल्या नावे मागितले. १८५८ मध्ये अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलने मत दिले की गुलामाच्या शोधाला पेटंट नाही. गुलाम नागरिक नाही म्हणून त्याला नाही, आणि मालकाने शोध लावलेला नाही म्हणून मालकालाही नाही. तरी स्टुअर्टने ते यंत्र बनवून विकलेच. म्हणजे डोके होते, हात होते, शोधही होता. शोधकर्ता म्हणवून घेण्याचा हक्क तेवढा नव्हता. तेव्हा एडिसन अकरा वर्षांचा होता. शंभर टक्के आरक्षण यापेक्षा वेगळे काय असते?

याच चित्रपटात लुईस लॅटिमर नावाचे एक पात्र आहे. आहे, म्हणजे प्रयोगशाळेतल्या माणसांत एक चेहरा आहे. ज्याला आधीपासून ठाऊक नाही, त्याला हा माणूस कोण हे चित्रपट पाहून कळणार नाही. म्हणून आम्ही सांगतो.

१८४२ मध्ये जॉर्ज आणि रिबेका लॅटिमर हे गुलाम जोडपे व्हर्जिनियातून पळून बॉस्टनला आले. मालक मागोमाग आला, जॉर्जला कैद झाली. फ्रेडरिक डग्लस आणि विल्यम लॉइड गॅरिसन त्याच्यासाठी सभांतून बोलले. शेवटी चारशे डॉलर मोजून त्याची सुटका झाली. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्सने पळालेले गुलाम पकडून देण्यात राज्याच्या अधिकाऱ्यांनी हात घालू नये असा कायदा केला. त्या जॉर्जचा मुलगा लुईस, जन्म १८४८. शाळा लवकर सुटली. यादवी युद्धात तो पोरवयातच नौदलात होता. परतल्यावर पेटंटच्या वकिलांकडे आठवड्याला तीन डॉलरवर हरकाम्या म्हणून लागला. आराखडे काढणाऱ्यांच्या खांद्यावरून पाहत, जुनी अवजारे विकत घेऊन, रात्री सराव करत तो आराखडे काढायला शिकला आणि त्याच कचेरीत मुख्य आराखडेकार झाला. ग्रॅहम बेलच्या टेलिफोनच्या १८७६ च्या पेटंटसाठी आराखडे काढणारा हात लॅटिमरचा. त्याला कोणी शिकवले नाही. शिकण्याच्या जागेजवळ उभे राहायला मिळाले, एवढेच.

इथे आपल्याच माणसांचे कान धरायला हवेत. ‘बल्बचा खरा शोध लॅटिमरने लावला, एडिसनने चोरला’ अशी पोस्ट आपल्याकडेही फिरते. ती खोटी आहे, पुढे पाठवू नका. तपासून घ्या म्हणणाऱ्या बुद्धाचे आपण अनुयायी, आपल्याला पुराणे रचायची गरज नाही. खरे आहे ते पुरेसे आहे. बल्बची कार्बनची तार भाजताना वाकडी होई, तुटे. ती पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून भाजण्याची रीत लॅटिमरने काढली, त्याचे पेटंट जानेवारी १८८२ मध्ये त्याला मिळाले. तेव्हा तो एडिसनच्या प्रतिस्पर्धी कंपनीत होता. १८८४ मध्ये तो एडिसनकडे गेला. पुढे एडिसनच्या पेटंटच्या खटल्यांत तो तज्ज्ञ म्हणून उभा राहिला, आणि १८९० मध्ये विजेच्या दिव्यांवर त्याने पुस्तकही लिहिले. ज्या पेटंटच्या लढाईवर चित्रपट उभा आहे, तिच्या कागदपत्रांत हा माणूस बसलेला आहे. बापाची मालकी ठरवायला कोर्ट बसले होते, मुलगा कोर्टात बुद्धीच्या मालकीची साक्ष देत होता. याहून नाट्यमय काय हवे होते या मंडळींना?

कोणी म्हणेल, दोन तासांत कोणाकोणाला घ्यायचे? मान्य. पण मग शेवट पाहा. १८९३ च्या शिकागो जत्रेत वेस्टिंगहाउसचे दिवे लागतात आणि सगळे उजळून निघते. त्या जत्रेच्या नगरीला लोक ‘व्हाइट सिटी’ म्हणत, आणि ती दोन्ही अर्थांनी पांढरी होती. कृष्णवर्णीयांना तिच्या व्यवस्थापनात जागा नव्हती. नॅन्सी ग्रीन ही गुलामीत जन्मलेली बाई मात्र तिथे धिरड्यांच्या पिठाची जाहिरात म्हणून तव्यापुढे उभी होती. डाहोमीची माणसे गाव मांडून तमाशासारखी दाखवली जात होती. आयडा वेल्स आणि तोच फ्रेडरिक डग्लस यांनी पुस्तिका काढली. या जत्रेत कृष्णवर्णीय अमेरिकन का नाही, हा तिचा विषय होता. डग्लसला जत्रेत अधिकृत जागा होती ती हैतीचा प्रतिनिधी म्हणून, स्वतःच्या देशाचा म्हणून नव्हे. पुस्तिका तिथूनच वाटली गेली. आमच्याकडे शाळेच्या पुस्तकात त्या साली शिकागोत एकच भाषण झाले होते. ही पुस्तिका कोणी शिकवली नाही. जोतीरावांनी मात्र त्याच्या वीस वर्षे आधी ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली होती. त्यांना हे नाते पुण्यात बसून दिसले.

१९१३ ते १९१६ बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. लॅटिमर त्या वर्षांत त्याच शहरात, फ्लशिंगला राहत होता. दोघे भेटल्याचे आम्ही कुठे वाचलेले नाही. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज हा विषय बाबासाहेबांकडेच होता. १९४३ मध्ये वीजधोरण समितीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी विचारले ते असे : वीज सरकारच्या मालकीची असावी की खाजगी? आणि ती गरिबी हटवण्याइतकी स्वस्त आणि मुबलक कशी होईल? चित्रपटात हा प्रश्न कोणाच्याच तोंडी नाही. तिथे बँकर मॉर्गन येतो, १८९२ मध्ये कंपन्या एकत्र करून जनरल इलेक्ट्रिक उभी करतो, आणि एडिसनचे नावसुद्धा पाटीवरून पुसतो. गुणवत्ता मालकाला किती प्यारी असते, ते एडिसनलाही कळले.

आमच्या थोरल्यांना गावात वीज आली तो दिवस आठवतो. खांब वाड्यावरून देवळापर्यंत गेले आणि वस्तीच्या अलीकडे थांबले. खड्डे खणायला माणसे वस्तीतलीच होती. तार पुढे आणायला अर्ज कोणी लिहिले, किती वर्षे लिहिले, ते कागद आजही एका पत्र्याच्या पेटीत आहेत. शेजारच्या टेबलावरच्या मित्राने कधीही येऊन पाहावेत.