सर्व्हरचाही केसपेपर हवा

दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी नोंदणीच्या खिडकीवरचे संगणक अडले. मग प्रयोगशाळेचे अहवाल, बिले, पुढच्या तारखा, सगळेच अडले. खंडणीखोर सॉफ्टवेअरने सर्व्हरवरची माहिती कुलूपबंद केली होती. जवळपास दोन आठवडे त्या अवाढव्य रुग्णालयाचा बराचसा कारभार कागदावर चालला. पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध झाली आणि नेटवर्कची योग्य विभागणी नसल्यामुळे हे घडले, असे सरकारने नंतर संसदेत सांगितले. क्षयाच्या रुग्णाला सर्वसाधारण वॉर्डात मधल्या खाटेवर ठेवावे, तसा हा प्रकार. एका बॅकअप सर्व्हरपर्यंत बाधा पोहोचली नव्हती, म्हणून ‘ई-हॉस्पिटल’ची माहिती परत मिळाली.

रुग्णाला रुग्णालयाचा ‘कम्प्युटर’ एकच वाटतो. प्रत्यक्षात मध्यम आकाराच्या रुग्णालयातही नोंदणी आणि बिले एका डेटाबेसमध्ये असतात, रक्ततपासण्या दुसऱ्यात, एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या प्रतिमा तिसऱ्यात. रक्तपेढी आणि औषध भांडार आणखी वेगळे. काही सर्व्हर इमारतीतल्याच वातानुकूलित खोलीत, काही सरकारी डेटा सेंटरमध्ये, काही खासगी कंपनीच्या क्लाउडवर. या मिश्र मांडणीला ‘हायब्रिड क्लाउड’ म्हणतात. मांडणीत चूक काही नाही. सीटीच्या जड प्रतिमा इमारतीतच असलेल्या बऱ्या. इंटरनेट तुटले तरी शस्त्रक्रियागृहात त्या दिसायला हव्यात. अडचण अशी, की हे सर्व्हर वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या निविदांतून आलेले असतात आणि त्या सगळ्यांकडे पाहणारा माणूस अनेकदा एकटाच, तोही कंत्राटी.

एकेका सर्व्हरपाशी जाऊन त्याची विचारपूस करणे अशा माणसाला शक्य नाही. त्यामुळे जगभर स्वयंचलित धोरणांकडे कल आहे. नियम एकदाच लिहायचा: बॅकअप किती वेळाने, त्रुटी बुजवणारा पॅच किती दिवसांत, कोणाला काय पाहता येईल. मग तो सर्व सर्व्हरना आपोआप लागू होतो. ‘अझ्युर आर्क’सारख्या साधनांमुळे इमारतीतला आणि क्लाउडमधला सर्व्हर एकाच पडद्यावर दिसतो आणि नियम मोडणारा लगेच कळतो. लसीकरणाचे वेळापत्रक असते तसेच हे. कुणाच्या आठवणीवर सोडले की डोस राहून जातो.

राहून गेले की काय होते, हे ब्रिटनने पाहिले आहे. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका त्रुटीवर पॅच दिला. तो तातडीने बसवा, अशा सूचनाही तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत फिरल्या. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ आला तेव्हा अनेक संगणक तसेच होते. इंग्लंडमधल्या २३६ पैकी किमान ८० रुग्णालय ट्रस्टना झळ बसली आणि लेखापरीक्षण अहवालातल्या अंदाजानुसार १९ हजारांहून अधिक अपॉइंटमेंट रद्द झाल्या. औषध दोन महिने कपाटात होते.

मात्र आपोआप चालणारा नियम चुकीचा असेल, तर तो चूकही तितक्याच निष्ठेने करतो. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘युनिसुपर’ या निवृत्तिवेतन निधीची गूगल क्लाउडवरची खासगी यंत्रणा पुसली गेली. हल्ला कुणीही केला नव्हता. उभारणीच्या वेळी एक रकाना रिकामा राहिला होता. रिकाम्या रकान्याचा अर्थ यंत्रणेने ‘ठरावीक मुदत’ असा लावला आणि मुदत संपताच सारे साफ केले. पूर्वसूचनाही गेली नाही. सहा लाखांहून अधिक सभासदांना आठवडाभर खाते पाहता आले नाही. बॅकअपच्या प्रती त्या यंत्रणेबाहेर होत्या म्हणून निभावले. त्याच वर्षी १९ जुलैला ‘क्राउडस्ट्राइक’च्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले; ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांची नोंदयंत्रणाही त्या दिवशी कोलमडली. नवे औषध कुणी एकाच सकाळी साऱ्या जगाला देत नाही. अपडेट मात्र तसे दिले गेले.

भारतासाठी हा प्रश्न जास्त जवळचा आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची रचना अशी, की रुग्णाचे कागद एखाद्या केंद्रीय कोठारात जमा होत नाहीत. ते जिथे तयार झाले तिथेच राहतात आणि संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. गोपनीयतेच्या दृष्टीने हे योग्यच. पण जिल्ह्याच्या गावातल्या रुग्णालयाचा सर्व्हर बंद असेल, तर मुंबईतल्या डॉक्टरसमोर नुसता ‘आभा’ क्रमांक उरतो. वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २०२३ च्या व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. दंडाने वकील जागे होतील. सर्व्हरची देखभाल करणारा दुसरा माणूस त्यातून मिळणार नाही.

शिवाय नियम लिहायचा कुणी? इथे डॉक्टर मंडळी हात झटकतात, आणि ते चूक आहे. किती वेळाची माहिती हरवलेली चालेल, हा वैद्यकीय प्रश्न आहे. उपाहारगृहाच्या हिशेबातला एक दिवस गेला तर कुरकुर होईल. रक्तपेढीतली दहा मिनिटे गेली तर कोणती पिशवी कोणाच्या नावाने राखली होती, हेच कळणार नाही. पॅच बसवून सर्व्हर आपोआप पुन्हा सुरू होण्याची वेळ सोमवारी सकाळी नऊ, ऐन ओपीडीची असेल, तर तो नियम ओपीडी न पाहिलेल्या माणसाने लिहिला आहे.

म्हणून प्रत्येक सर्व्हरचा केसपेपर हवा. तो कुठे आहे, त्यावर काय आहे, तो बंद पडला तर कोणता विभाग थांबेल, सॉफ्टवेअरची मुदत कधी संपते? (‘एसक्यूएल सर्व्हर २०१६’ची विस्तारित मुदत १४ जुलै २०२६ पर्यंतची, ही तारीख किती रुग्णालयांच्या वहीत आहे?) आणि बॅकअपवरून तो खरोखर उभा करून शेवटचा कधी पाहिला? बॅकअप झाल्याचा हिरवा दिवा वेगळा आणि सर्व्हर उभा राहणे वेगळे. डिफिब्रिलेटर भिंतीवर टांगला आहे एवढ्यावर अतिदक्षता विभागात कुणी समाधान मानत नाही. तो नेमाने तपासला जातो. काही पुसून टाकणारा नियम असेल, तर त्यावर दोघांची सही असावी. रक्त चढवण्यापूर्वी पिशवी दोघे जण तपासतात, तशी.

आणि अपघात विभागात छापील केसपेपरचे काही गठ्ठे ठेवावेत. ‘एम्स’मध्ये त्या दोन आठवड्यांत कागदच कामी आला. ते गठ्ठे ज्या कपाटात असतील, त्याची किल्ली रात्रपाळीच्या सिस्टरकडे असावी, कार्यालयीन अधीक्षकांच्या घरी नव्हे.