बरणीतलं ऊन

मे महिन्यात घरोघरी वर्षाची बेगमी चालते. पापड, कुरडया, लोणची. सगळं कसं डब्यांत आणि बरण्यांत! पण खुद्द मे महिन्यातलं ऊनच बरणीत भरून थंडीत काढता आलं तर? हसू नका. एका वसाहतीनं हे करून दाखवलं आहे.

कॅनडात कॅलगरी शहराच्या दक्षिणेला ओकोटोक्स नावाचं गाव आहे. हिवाळ्यात तिथला पारा शून्याखाली ३० अंशांपर्यंतही घसरतो. ऊन भरपूर, पण त्यातलं बरंचसं उन्हाळ्यात, म्हणजे नको तेव्हा! तिथल्या ड्रेक लँडिंग या ५२ घरांच्या वसाहतीत २००७ साली ते साठवायला सुरुवात झाली.

बरणी कुठली? पायाखालची जमीन! तिथं ३७ मीटर खोल अशा १४४ बोअर पाडल्या. आपल्या बोअरवेलसारख्याच, पण पाणी उपसायला नव्हे. प्रत्येकीत तळापर्यंत जाऊन वळून वर येणारी नळी सोडली. गॅरेजच्या छपरांवर ८०० सौर संग्राहक बसवले, म्हणजे आपल्या गच्चीवरच्या सौर बंबाचे भाऊबंद. त्यांच्या उष्णतेनं तापलेलं पाणी उन्हाळाभर बोअरमधून फिरायचं. आधी मधल्या बोअरमध्ये, मग कडेच्या. त्यामुळे मधली जमीन सर्वांत गरम, पार ८० अंश सेल्सिअसपर्यंत! थंडीत प्रवास उलटा. गार पाणी कडेनं शिरायचं आणि मध्यापर्यंत तापत जाऊन घरांना ऊब द्यायचं.

'पण तोवर जमीन निवणार नाही का?' शाब्बास, प्रश्न बरोबर आहे! कपातला चहा चटकन निवतो, पण पाण्याचा मोठा हंडा कितीतरी वेळ गरम राहतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. उष्णता निसटते ती पृष्ठभागातून. एखाद्या ठोकळ्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट करा. पृष्ठभाग चौपट होतो, पण पोटातला ऐवज आठपट! म्हणून बरणी हवी ती अशी अवाढव्य. शिवाय तिच्यावर उष्णतारोधक थर आणि माती घातली होती. पांघरूणच म्हणा ना!

जमीन पुरती तापायला काही वर्षं गेली. मग २०१५-१६च्या हिवाळ्यात तर घरं उबदार ठेवायला लागणारी सगळीच्या सगळी उष्णता सूर्यानं पुरवली. ऐन बर्फात, उन्हाळ्याच्या उन्हावर!

पुढे यंत्रणा जुनी झाली, बिघाड वाढले, दुरुस्ती फार महाग पडू लागली. २०२४ मध्ये ती बंद करायचं ठरलं आणि घरांत गॅसच्या भट्ट्या आल्या. मला तर ते वाचून चुटपुट लागून राहिली. बावन्नच घरं, त्यांनी एवढा खर्च पेलायचा तरी कसा?

जाता जाता एक कोडं. ठोकळा दुपटीऐवजी तिप्पट केला, तर पृष्ठभाग किती पट आणि ऐवज किती पट? वहीत मांडून पाहा. आईबाबांनाही विचारा, पण उत्तर सांगू नका हं!