चारातलं एक



सिकलसेलच्या पोस्टरवरचं नेहमीचं चित्र तुम्ही पाहिलं असेल. वर आई-वडील, दोघंही अर्धे लाल. खाली ओळीने चार मुलं: एक पांढरं, दोन अर्धी लाल, एक पूर्ण लाल. शास्त्राच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, नुसतं वाहक होण्याची 50 टक्के. पण समोर बसलेल्या बाईला टक्के दिसत नाहीत, लेकरं दिसतात. चार लेकरं, त्यातलं एक आजारी. मग थोरल्याला झाला असेल तर आपल्या वाट्याचं भोगून झालं, 'बाकी मन बने होही' (बाकीची ठीक निघतील), असा हिशेब ती मांडते. जिला दोनच मुलं हवीत, तिला तर हे आपल्यासाठी नाहीच असं वाटतं. चित्र आहे म्हणजे अडाण्यालाही कळेल, हा शिकलेल्यांचा भाबडेपणा.

त्यापेक्षा चार चिठ्ठ्या बऱ्या. एक लाल, तीन पांढऱ्या, डब्यात टाकायच्या. तिनेच एक काढायची, पाहायची आणि परत डब्यात टाकून डबा हलवायचा. लाल चिठ्ठी लागोपाठ दोनदा निघाली की दर खेपेला धोका तेवढाच असतो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने हीच वाट धरली होती. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे मिनिटभराचे श्वास मोजून ओळखता येतं. पण गावातल्या सुइणींना पन्नास-साठपर्यंत आकडेच येत नव्हते. मग वाळूचं मिनिटभराचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी असं साधं यंत्र बनलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया समजायचा. सुईण कुठवर मोजू शकते, हे आधी पाहिलं आणि यंत्र तिथूनच सुरू केलं.

याच्या उलट उदाहरण तंबाखूचं. 2009मध्ये सरकारने पुड्यांवर चित्रं सक्तीची केली, तेव्हा खायच्या तंबाखूवर चक्क विंचू छापला होता. गुडाखूने, म्हणजे तंबाखूच्या पेस्टने, दात घासणाऱ्या बाईने त्या विंचवावरून तोंडाचा कॅन्सर ओळखायचा, ही अपेक्षा कोणाच्या डोक्यातून निघाली असेल कोण जाणे.

आता आपल्या घरचं. सिकलसेल म्हणजे बस्तरच्या जंगलातला आजार, असं रायपूरच्या तात्यापाऱ्यात किंवा चौबे कॉलनीत बसून समजणं सोयीचं आहे, खरं नाही. छत्तीसगडमध्ये साधारण दहात एक जण वाहक असल्याचं मानलं जातं. मैदानी भागातल्या शेतकरी जातींतही तो आहे, आणि जिथे आपल्या कितीतरी सोयरिकी जुळतात त्या विदर्भातही. 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात तपासणीनंतर कार्ड मिळतं. वधूवरांची कार्डं एकमेकांवर ठेवली की पुढच्या पिढीचा धोका दिसावा, अशी त्याची कल्पना. पत्रिका जुळवण्याची सवय असलेल्यांना हे शिकवावं लागू नये. आणि दोघांपैकी एकच वाहक असेल, दुसऱ्याचं रक्त निर्दोष असेल, तर मुलांना हा आजार होत नाही. त्यामुळे 'वाहक' शब्द ऐकताच स्थळ नाकारणं हा निव्वळ अडाणीपणा.

म्हणून आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे दोन सूचना ठेवतो. वधूवर सूचीच्या अर्जात रक्तगटाच्या खाली 'सिकलसेल तपासणी झाली आहे का?' एवढंच विचारावं. निकाल छापू नये, तो दोन घरांनी आपसात पाहावा. दुसरी, आरोग्य शिबिराचं पोस्टर छापखान्यात देण्याआधी आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या चार-सहा बायकांना दाखवावं. 'कळलं का?' असं विचारू नये, कारण त्या भिडेपोटी हो म्हणतील. 'यात काय दिसतंय, सांगा बरं' असं विचारावं आणि त्या सांगतील त्याप्रमाणे चित्र बदलावं. पहिल्या सूचनेवर काहींची हरकत असेल, याची कल्पना आहे. ती लेखी कळवा. पुढच्या अंकात छापू.