नावामागचा 'प्रा.'

कळंब ज्या राळेगाव मतदारसंघात येते, तिथली लढत गेली काही वर्षे दोन प्राध्यापकांत होते आहे. वसंत पुरके शालेय शिक्षणमंत्री व विधानसभेचे उपाध्यक्ष होते. २०१४ साली त्यांना हरवणाऱ्या अशोक उईके यांनी पुढे आदिवासी विकास खाते सांभाळले. दोघांच्याही नावामागे 'प्रा.' लागतेच.

राखीव मतदारसंघातला आदिवासी माणूस वर्गातून विधानभवनात कसा पोचतो, हा आत्मकथनाचा अस्सल ऐवज आहे. पण आपले पुढारी मागे वळून पाहू लागले की 'जनसेवेची ओढ' एवढेच सांगतात. बांधलेला पगार, घरच्यांची धास्ती, सुटलेला फळा हे सगळे गाळून. यशवंतराव चव्हाणांचे 'कृष्णाकाठ' (१९८४) याला अपवाद, मात्र तेही १९४६ पाशी, सत्तेच्या उंबरठ्यावर थांबते. पुढचे नियोजित खंड झालेच नाहीत. लक्ष्मण माने विधान परिषदेत गेले, पण 'उपरा' (१९८०) त्याआधीचे.

म्हणजे उंबरठ्यापलीकडचे प्रांजळ लेखन आपल्याकडे दुर्मीळच. ते प्राध्यापकांकडून मागावे, कारण शब्द हा त्यांचा मूळ व्यवसाय. पहिल्या प्रचारसभेत समोर आपलाच एखादा विद्यार्थी बसला होता का, आणि त्याच्याशी त्या दिवशी कोणत्या भाषेत बोलावे लागले?