गुलाबाची काळी बाजू

चौफुल्याहून केडगाव, पारगाव, न्हावरे करत शिरूरला जाणारा रस्ता भीमेच्या दोन्ही काठांच्या उसातून जातो. दौंडच्या बाजूला गुऱ्हाळे लागतात. चुलवणात चिपाडाचा जाळ, वर काहिलीत उकळणारा रस. आपल्या अत्तराच्या धंद्यात पडणाऱ्या नवख्याने तिथे तासभर नुसते उभे राहावे. चिपाडातले लिग्निन जळताना ग्वायाकोल सुटते. धुराचा औषधी, किंचित लवंगी वास त्याचाच. वरून करपू पाहणाऱ्या पाकाचा गोडवा.

हे सांगण्याचे कारण म्हणजे आमच्याकडे परीक्षणाला येणाऱ्या कुप्या. धुरकट, मसालेदार, लाकडी गुलाबाची सध्या लाट आहे आणि बहुतेकांची रचना एकाच साच्यातली. फिनाइल इथाइल अल्कोहोल, सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल यांचा स्वस्त गुलाब बांधायचा. तो उघडा पडतो असे दिसले की वरून धूर ओतायचा. थोड्या वेळाने गुलाब निघून जातो आणि मनगटावर शेकोटी उरते.

वास्तविक दमास्क गुलाबाच्या तेलात मसाला मुळातच असतो. लवंगेचे युजेनॉल त्यात थोडे का होईना, सापडते. डॅमासेनोन तर एक टक्क्याहूनही कमी. पण शिजलेल्या फळाचा, तंबाखूकडे झुकणारा तो वास वजा केला तर गुलाब साबणाच्या वडीत जमा होतो. धुराने गुलाबाची हीच काळी बाजू वर आणायची असते. कनौजच्या देग-भपक्यात गुलाबाची वाफ थेट चंदनाच्या तेलात उतरते. तिथे लाकूड पहिल्यापासून सोबतीला असते, मागाहून घातलेले नसते. (रांजणगावच्या महागणपतीपुढे हारात दिसणारा देखणा लाल गुलाब मात्र या कामाचा नाही. त्याला रंग आहे, वास जेमतेम.)

ऊद परवडत नाही, तिथे नागरमोथा. युरोपातले अत्तरकार त्याचे तेल सिप्रिओल या नावाने घेतात आणि गुलाब-उदाच्या कितीतरी रचना त्यावर पेलतात. धूर, चामडे, मातकट लाकूड आणि मागे मिरीची चुणूक, सगळे एकाच तेलात. त्याचा सख्खा भाऊ लव्हाळा दौंड-शिरूरच्या उसात माजलेला असतो. शेतकरी खुरपून थकतो, गाठी जमिनीत राहतात, पाऊस पडला की पुन्हा हिरवे. या गाठींचे तेल गुलाबाशी कसे बसते, हे आपल्यापैकी किती जणांनी करून पाहिले आहे?

मिरीची ती चुणूक रोटंडोन या द्रव्याची. ते पहिल्यांदा सापडले लव्हाळ्याच्याच गाठींत. शिराझ द्राक्षाच्या वाइनमधला आणि काळ्या मिरीतला तिखट वासही त्याचाच, हे ऑस्ट्रेलियातल्या वाइन संशोधकांनी 2008 साली दाखवले. पाण्यात लिटरला 8 नॅनोग्रॅम असले तरी पुरते. पण त्याच चाचणीत सुमारे एकपंचमांश माणसांना 4,000 नॅनोग्रॅमलाही काही जाणवले नाही.

मिश्रण करणारा स्वतःच त्या पाचांतला एक असेल तर? तो नागरमोथा वाढवत जाईल आणि इतरांच्या नाकात मिरी भरेल. उलट, त्याला वास नीट येत असेल तर दर पाचांतल्या एका गिऱ्हाइकाला मसाला नसलेला गुलाब विकला जाईल. म्हणून सगळी भिस्त या एका द्रव्यावर ठेवू नये, लवंगेचा एक धागा सोबत असावा. तोही हिशेबानेच, कारण युजेनॉलवर इफ्रा या सुगंध-उद्योगाच्या संघटनेची मर्यादा आहे, आणि गुलाबतेलात नैसर्गिकपणे येणारे मिथाइल युजेनॉलही मोजावे लागते. धुरासाठी कच्चे बर्चचे किंवा केडचे डांबर वापरणे तर बंदच आहे. शुद्ध केलेलेच चालते.

पुढल्या अंकासाठी कुपी पाठवणाऱ्यांनी सोबत एवढे लिहावे: नमुना किती जणांना हुंगायला दिला, आणि त्यातल्या किती जणांना मिरी लागली.